काहील, वाफ आणि घड्याळ

काही वर्षांपूर्वी नववीची मुले घेऊन आम्ही दोघे शिक्षक सांगली जिल्ह्यातील एका दूध संकलन केंद्रावर गेलो होतो. दुधाचे कॅन धुण्यासाठी तेथे गरम पाण्याची एक टाकी होती. टाकीच्या तळाशी वेटोळी घातलेली एक लोखंडी नळी, नळीत बॉयलरमधून येणारी वाफ आणि नळीभोवती हजार लिटर पाणी, अशी साधी रचना. पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ८५ अंशांपर्यंत तापवायचे होते. एका मुलीने विचारले, "याला किती वेळ लागेल?" बॉयलर सांभाळणारे काका म्हणाले, "पावणेदोन तास धरा."

आम्ही मुलांना म्हणालो, "थांबा, आपण हिशेब करून पाहू." वाफ सोडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तापमान ९ अंशांनी वाढले. मग ६० अंश वाढायला किती वेळ? त्रैराशिक मांडले. उत्तर आले सुमारे ६७ मिनिटे. काकांचा अंदाज बराच ढिला आहे, असे आम्हाला वाटले आणि तसे आम्ही मुलांसमोर बोलूनही दाखवले. काका काही बोलले नाहीत.

६७ मिनिटे झाली तेव्हा तापमापक ७१ अंश दाखवत होता. पाणी ८५ अंशांवर पोहोचले तेव्हा पावणेदोन तास होत आले होते. मुले आमच्याकडे पाहत होती.

आमच्या गुणाकार-भागाकारात चूक नव्हती. मग ३५-४० मिनिटे कोठे गेली? या प्रश्नाचा माग काढताना आम्हाला सातारा-सांगलीच्या गुऱ्हाळांपासून ग्लासगोच्या विद्यापीठापर्यंत आणि तेथून लुइझियानाच्या ऊसमळ्यांपर्यंत जावे लागले. तोच प्रवास येथे थोडक्यात मांडत आहोत.

गुऱ्हाळातील जाळ

कृष्णाकाठच्या माणसाला पाणी आटवण्याचे शास्त्र नवे नाही. दिवाळी संपली की कराड, वाळवा, शिराळा, मिरज या भागांत गुऱ्हाळे लागत. चरकातून निघालेला रस काहिलीत येई. काहिलीखाली चुलाण आणि चुलाणात वाळलेल्या चिपाडाचा जाळ. रस तापू लागला की रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढून टाकायची आणि मग रस आटवत न्यायचा. एका आधणाला दोन ते तीन तास लागत. शेवटच्या काही मिनिटांत सारे काही गुळव्याच्या नजरेवर असे. थंड पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी होते का, हे तो पाही. आज आपण तापमापक लावला तर त्या क्षणी काहिलीतील पाक ११५ ते ११८ अंशांच्या आसपास असल्याचे दिसते.

या व्यवसायाचे गणित मांडून पाहू. उसाच्या रसात सुमारे ८० टक्के पाणी असते. १०० किलो रस ३० अंशांवरून उकळीपर्यंत आणायला साधारण ६,३०० किलोकॅलरी उष्णता लागते. (साखर विरघळलेली असल्याने रसाची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९ धरली आहे.) मग त्यातील सुमारे ८० किलो पाण्याची वाफ करायला प्रत्येक किलोला ५४० याप्रमाणे ४३,२०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे रस उकळीला येण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ ७ पट उष्णता पुढे आटवण्यात जाते. आणि या सगळ्या वेळात तापमान मात्र फारसे चढत नाही.

काहिलीखालचा जाळ सात-आठशे अंशांच्या घरात असतो. त्यामुळे उष्णता भराभर येते. पण त्यातच धोकाही आहे. पाक दाट होऊ लागला की काहिलीच्या तळाशी तो करपतो, गुळाचा रंग काळवंडतो आणि ढेपेचा भाव पडतो. जाळ क्षणार्धात कमी करता येत नाही. त्यामुळे वेळ आली की काहीलच चुलाणावरून उतरवावी लागे. उकळता पाक अंगावर उडाला तर कातडी सोलून निघे. गुऱ्हाळावर काम केलेल्या जुन्या माणसांच्या हातांवर असे डाग आम्ही पाहिले आहेत.

ब्लॅकचे घड्याळ

तापमान न वाढवता उष्णता जाते तरी कोठे? हा प्रश्न प्रथम नेमका विचारला तो जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने. ग्लासगो विद्यापीठात तो वैद्यक आणि रसायनशास्त्र शिकवत असे. १७६२ साली त्याने केलेला प्रयोग आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण त्यातील मुख्य उपकरण घड्याळ होते.

ब्लॅकने कल्हईच्या पत्र्याच्या सपाट भांड्यांत थोडे पाणी घेतले आणि ती भांडी लालबुंद तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवली. पाणी सुरुवातीला ५० अंश फॅरनहाइटवर होते. चार मिनिटांत ते उकळू लागले. वीस मिनिटांत सगळे पाणी आटून गेले. ब्लॅकने विचार केला: चार मिनिटांत तापमान १६२ अंशांनी वाढले, म्हणजे मिनिटाला साडेचाळीस अंश. जाळ तोच आहे, तेव्हा पुढच्या वीस मिनिटांतही पाण्याला त्याच वेगाने उष्णता मिळाली असली पाहिजे. म्हणजे ८१० अंश वाढवू शकेल एवढी उष्णता पाण्यात गेली आणि तरीही तापमान उकळबिंदूच्या वर सरकले नाही. ही उष्णता वाफेत लपून बसली. तिला त्याने जे नाव दिले त्याला आपण मराठीत 'अप्रकट उष्मा' म्हणतो.

८१० अंश फॅरनहाइट म्हणजे ४५० अंश सेल्सिअस. आजच्या भाषेत ब्लॅकचे उत्तर किलोला ४५० किलोकॅलरी येते. खरा आकडा ५४०च्या आसपास आहे. पत्र्याची भांडी, लोखंडी पत्रा आणि एक घड्याळ एवढ्या साहित्यात काढलेले हे उत्तर वाईट म्हणता येणार नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ब्लॅकनेही त्रैराशिकच मांडले होते. ठरावीक मिनिटांत ठरावीक उष्णता येते, असे त्यानेही गृहीत धरले. मग त्याचे जमले आणि आमचे का फसले? याचे उत्तर लालबुंद पत्र्यात आहे. पत्रा पाण्यापेक्षा कित्येक शे अंशांनी गरम होता. पाणी १० अंशांवरून १०० अंशांवर गेले तरी त्या प्रचंड फरकात थोडीच घट झाली. गुऱ्हाळाच्या काहिलीचेही तसेच आहे. आमच्या टाकीतील नळी मात्र १२० अंशांची होती.

वॅटची किटली

त्याच ग्लासगो विद्यापीठात जेम्स वॅट उपकरणे दुरुस्त करण्याचे काम करत असे. १७६३-६४च्या सुमारास न्यूकॉमेनच्या वाफयंत्राची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. हे यंत्र एवढी वाफ का गिळते, हे त्याला उमजेना. त्याने एक साधा प्रयोग केला. किटलीच्या तोंडातून काढलेली वाफ त्याने नळीवाटे थंड पाण्यात सोडली आणि पाणी उकळीच्या तापमानाला येईपर्यंत किती वाफ त्यात विरली हे मोजले. वाफेने आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीला आणलेले दिसले. हे ऐकून ब्लॅकने त्याला अप्रकट उष्म्याची कल्पना समजावून सांगितली.

वर्गात हा आकडा मुलांकडून सहज पडताळून घेता येतो. एक किलो वाफेचे पाणी होताना ५४० किलोकॅलरी बाहेर पडतात. १० अंशांचे एक किलो पाणी १०० अंशांवर न्यायला ९० किलोकॅलरी लागतात. ५४० भागिले ९० बरोबर ६.

वाफ ही उष्णता वाहून नेणारी फार चांगली हमाल आहे, ती याचमुळे. एक किलो उकळते पाणी ८५ अंशांपर्यंत थंड होताना १५ किलोकॅलरी देते. एक किलो वाफ नुसती निवळून पाणी होतानाच त्याच्या ३६ पट देते.

पण वॅटसारखी वाफ थेट पाण्यात सोडली तर वाफेचे पाणीही त्यातच मिसळते. दर सहा किलोमागे एक किलो पाणी वाढते. कॅन धुण्याच्या पाण्यात ते चालून जाईल. दुधात ते चालणार नाही. उसाच्या रसात तर मुळीच चालणार नाही, कारण तेथे पाणी काढण्यासाठीच सारा खटाटोप असतो. म्हणून वाफ आणि पदार्थ यांच्यामध्ये धातूची भिंत घालावी लागली. ती भिंत नळीच्या रूपात आली की तिला कारखान्यात 'कॉइल' म्हणतात.

साखरेने नळीला मोठे केले

नळीत वाफ सोडून पाणी तापवण्याच्या युक्तीला खरे महत्त्व आले ते साखरेमुळे. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१३ साली बंद भांड्यात, हवेचा दाब कमी करून साखरेचा पाक आटवण्याचे पेटंट घेतले. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते. मग पाकाला उघड्या जाळाची गरज उरत नाही, वाफेची सौम्य उष्णता पुरते आणि पाक करपत नाही. आजच्या प्रत्येक साखर कारखान्यातील 'व्हॅक्यूम पॅन' हा हॉवर्डच्या भांड्याचा वंशज आहे.

याहून मोठी झेप घेतली नॉर्बर्ट रिलियो याने. तो १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मला. वडील गोरे अभियंता, आई आफ्रिकी वंशाची स्वतंत्र स्त्री. गुलामगिरीच्या त्या काळात वडिलांनी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले. तेथील एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी शाळेत तो तरुणपणीच शिकवू लागला. उष्णतेच्या संक्रमणावर १८२८ साली मोठा ग्रंथ लिहिणारे पेक्ले हे त्या शाळेच्या संस्थापकांपैकी एक होते.

लुइझियानात तेव्हा रस आटवण्याची पद्धत आपल्या गुऱ्हाळाचीच, पण अधिक क्रूर होती. उघड्या कढयांची एक रांग असे आणि गुलाम मजूर लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत. भाजणे हे नित्याचेच. रिलियोने १८४३ आणि १८४६ साली पेटंटे घेऊन जे यंत्र उभे केले, त्यात रस बंद भांड्यांतून जातो. पहिल्या भांड्यात रसातून निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत सोडतात. दुसऱ्यातील दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तेथील रस त्या वाफेवरही उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला. चार भांडी असली तर बॉयलरच्या एक किलो वाफेत साडेतीन किलोच्या आसपास पाणी उडवता येते. काहिलीवरची वाफ आभाळात जात होती. रिलियोने तिला पुन्हा कामाला लावले. तो पुढे पॅरिसला परतला आणि १८९४ साली तेथेच वारला.

कृष्णाकाठी वाफ

आपल्या भागात वाफ प्रथम आली ती रेल्वेच्या इंजिनातून. पुणे-मिरज मीटरगेज मार्ग १८८०च्या दशकात झाला. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये आमच्या टाकीच्या उलट रचना असते. नळ्यांतून गरम धूर जातो आणि नळ्यांभोवती पाणी असते. थंड इंजिन सुटण्याजोगे तापवायला कित्येक तास लागत, म्हणून गाडीच्या वेळेच्या खूप आधी शेडमध्ये आग पेटवावी लागे. पाणी तापायला किती वेळ लागेल, हा प्रश्न तेथे वेळापत्रकाचाच भाग होता.

याच मार्गावरील कुंडलजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या आश्रयाने कारखाना वसवला. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी चरक तेथे बनू लागले. लोखंडी चरकाने उसातून अधिक रस निघू लागला. काहिलीखालचा जाळ मात्र तोच राहिला.

१९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात भराभर साखर कारखाने निघाले. सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील साखरवाडी हे गाव त्या दशकातील कारखान्यामुळेच नावारूपाला आले. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. त्यानंतर दहा वर्षांच्या आत सांगलीला वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला शेतकरी सहकारी कारखाना आणि १९६०च्या सुमारास कराडजवळ रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना सुरू झाले. काल चुलाणात चिपाड सारणारा शेतकरी आज अशा कारखान्याचा सभासद झाला, जेथे चिपाड बॉयलरमध्ये जाते, बॉयलरची वाफ नळ्यांत जाते आणि रसाच्या शेवटच्या भांड्यात तो जेमतेम ५५-६० अंशांवर उकळतो. जुन्या व्हॅक्यूम पॅनमध्ये तांब्याची वेटोळी असत. पुढे त्यांची जागा उभ्या नळ्यांच्या जुडग्याने घेतली. कारखान्यात त्याला 'कॅलेंड्रिया' म्हणतात.

भिलवडीला १९३९ साली सुरू झालेल्या चितळे डेअरीसारख्या दूध व्यवसायांनी वाफेचा दुसरा उपयोग दाखवला. दूध निर्जंतुक करताना ते ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. येथे तापमान कमी पडले तर जंतू उरतात, जास्त झाले तर चव बिघडते. उघड्या जाळावर हे नेमकेपण साधत नाही.

सांगलीची हळद हे तिसरे उदाहरण. हळकुंडे काहिलीत पाणी घालून पाऊण-एक तास शिजवण्याची जुनी पद्धत आहे. गेल्या काही दशकांत शेतावर नेता येणारे वाफेचे कुकर आले. एका बॉयलरमधून दोन-चार पिंपांत वाफ सोडायची आणि हळकुंडे वाफवायची. येथे वाफ थेट हळदीवर सोडतात. हळकुंडांवर निवळलेले पाणी खाली गळून जाते, त्यामुळे मिसळण्याची अडचण नाही. काहीलभर पाणी तापवण्याचे जळण वाचते आणि सगळी हळद सारखी शिजते.

टाकीचा हिशेब

आता पुन्हा आमच्या टाकीकडे येऊ. थंड होणाऱ्या वस्तूंविषयी न्यूटनने १७०१ साली एक लॅटिन निबंध नाव न घालता प्रसिद्ध केला होता. तापलेली वस्तू किती वेगाने थंड होते हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते, असे त्यात गृहीत धरले आहे. फरक निम्मा झाला की वेगही निम्मा. तापणाऱ्या पाण्यालाही हाच नियम लावता येतो.

उष्णतेचा वेग तीन गोष्टींच्या गुणाकाराने मिळतो: नळीचे क्षेत्रफळ, तापमानांतील फरक आणि उष्मा संक्रमणाचा गुणांक. एक चौरस मीटर पृष्ठभागातून, एक अंश फरक असताना, एका तासात किती उष्णता पलीकडे जाते, हे गुणांक सांगतो. न ढवळलेल्या पाण्यातील वाफेच्या नळीसाठी तो ६०० किलोकॅलरीच्या आसपास धरता येतो. आमच्या टाकीतील नळी एक इंची होती आणि वेटोळी मिळून साडेनऊ मीटर भरली. तिचे बाहेरील क्षेत्रफळ १ चौरस मीटर येते. बॉयलरचा दाबमापक १ किलो दाखवत होता, म्हणजे वाफ १२० अंशांवर.

सुरुवातीला फरक १२० वजा २५, म्हणजे ९५ अंश. उष्णतेचा वेग तासाला ५७,००० किलोकॅलरी. पाणी ८५ अंशांवर आल्यावर फरक फक्त ३५ अंश. वेग २१,०००. आम्ही पहिल्या दहा मिनिटांचा वेग शेवटपर्यंत गृहीत धरला होता. चूक तेथे होती.

कलनशास्त्र न वापरताही बरोबर उत्तर काढता येते. ६० अंशांचे दहा-दहा अंशांचे सहा टप्पे करावेत. हजार लिटर पाणी १० अंशांनी तापवायला १०,००० किलोकॅलरी लागतात. प्रत्येक टप्प्यात मधल्या तापमानाचा फरक घ्यावा.

२५ ते ३५ अंश: फरक ९०, वेग ५४,०००, वेळ ११.१ मिनिटे
३५ ते ४५ अंश: फरक ८०, वेग ४८,०००, वेळ १२.५ मिनिटे
४५ ते ५५ अंश: फरक ७०, वेग ४२,०००, वेळ १४.३ मिनिटे
५५ ते ६५ अंश: फरक ६०, वेग ३६,०००, वेळ १६.७ मिनिटे
६५ ते ७५ अंश: फरक ५०, वेग ३०,०००, वेळ २० मिनिटे
७५ ते ८५ अंश: फरक ४०, वेग २४,०००, वेळ २५ मिनिटे

बेरीज ९९.६ मिनिटे. शेवटच्या दहा अंशांना पहिल्या दहा अंशांच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो, हे मुलांना या तक्त्यात स्पष्ट दिसते.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एका ओळीत उत्तर काढता येईल. सुरुवातीच्या फरकाला शेवटच्या फरकाने भागावे: ९५ भागिले ३५. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम जवळजवळ १ येतो. त्याला पाण्याच्या उष्माधारकतेने (१,०००) गुणावे आणि गुणांक व क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने (६००) भागावे. उत्तर १.६६ तास, म्हणजे १०० मिनिटे. टाकीच्या बाजूंतून आणि उघड्या पृष्ठभागावरून जाणारी उष्णता जमेस धरली की काकांचे पावणेदोन तास बरोबर ठरतात.

वाफ किती लागली? एकूण ६०,००० किलोकॅलरी. या दाबाच्या वाफेचा अप्रकट उष्मा किलोला सुमारे ५२५. म्हणजे ११४ किलो. पण ती सारख्या वेगाने लागत नाही. सुरुवातीला नळी ताशी १०८ किलो वाफ मागते, शेवटी ४० किलो. बॉयलर ताशी ५० किलोच देऊ शकत असेल तर? मग पाणी सुमारे ७६ अंशांवर येईपर्यंत बॉयलरच वेग ठरवील आणि तेथून पुढे नळी ठरवील. पहिल्या भागाला ११७ आणि दुसऱ्याला २२ मिनिटे लागून एकूण वेळ २ तास १९ मिनिटे होईल. वरच्या वर्गातील मुलांना हे उदाहरण सोडवायला जरूर द्यावे.

नळीवरचे अडथळे

गुणांक ६००च का? वाफेकडून पाण्याकडे जाताना उष्णतेला अनेक पातळ थर ओलांडावे लागतात. नळीच्या आत निवळलेल्या पाण्याचा एक थर असतो. हा थर भिंतीवरून ओघळत असताना किती अडथळा करतो, याचे गणित जर्मन अभियंता विल्हेल्म नुसेल्टने १९१६ साली मांडले. त्यानंतर लोखंडाची भिंत. तिचा अडथळा सर्वांत कमी. मग नळीच्या बाहेर चिकटून राहिलेला पाण्याचा संथ थर. ढवळले की हा थर पातळ होतो आणि गुणांक वाढतो.

यात भर पडते ती क्षारांच्या पुटाची. विहिरीचे दुष्फेन पाणी वापरले की नळीवर पांढरे पुट चढते. ते लोखंडाच्या मानाने उष्णतेचे फारच मंद वाहक असते. फक्त १ मिलिमीटर पुट चढले तरी आमच्या टाकीचे १०० मिनिटांचे काम अडीच तासांच्या जवळ जाते. नळीत हवा अडकली किंवा निवळलेले पाणी बाहेर काढणारा स्टीम ट्रॅप बिघडला तरी असेच होते. काकांनी आम्हाला नंतर सांगितले, "नळी खरवडली त्या दिवशी दीड तासाच्या जरा पुढे, महिन्याने दोन तास." गुणांक हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता, पण तो कसा घसरतो हे त्यांना पाठ होते.

वर्गात करण्याजोगे

प्रयोगासाठी वाफेची गरज नाही. प्रेशर कुकरला रबरी नळी जोडून वाफ काढण्याचा उद्योग तर वर्गात कधीच करू नये. दाबाखालची वाफ धोकादायक असते. म्हणूनच बॉयलरसाठी आपल्याकडे १९२३ पासून स्वतंत्र कायदा होता आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

एका मोठ्या पातेल्यात नऊ-दहा लिटर पाणी सुमारे ७० अंशांवर घ्यावे. स्टीलच्या पेल्यात २०० मिलिलिटर साधे पाणी घेऊन तो पेला पातेल्यात काठापर्यंत बुडेल असा धरावा. गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावे. पेल्यातील तापमान दर अर्ध्या मिनिटाला नोंदवावे. दोन पाण्यांतील फरक ४० वरून २० अंश, २० वरून १० आणि १० वरून ५ व्हायला किती वेळ लागतो, ते पाहावे. तिन्ही वेळा जवळजवळ सारख्या येतील. मग पेल्यातील पाणी चमच्याने ढवळत हाच प्रयोग पुन्हा करावा. वेळा कमी होतील, पण तिन्ही पुन्हा एकमेकींसारख्याच राहतील. आमच्या टाकीत फरक निम्मा व्हायला ६९ मिनिटे लागत. किरणोत्सर्गी पदार्थांचा अर्धायुकाल शिकवताना ही आठवण उपयोगी पडते.

पुढच्या वर्षी आम्ही नव्या मुलांना घेऊन त्याच केंद्रावर गेलो. या वेळी मुलांनी आधी नळी मोजली, दाबमापक वाचला आणि टप्प्यांचा तक्ता मांडला. मग एकाने काकांना विचारले, "नळी कधी खरवडली होती?" काका म्हणाले, "पंधरा दिवस झाले." मुलांनी आपल्या उत्तरात दहा मिनिटे वाढवली. पाणी ८५ अंशांवर पोहोचले तेव्हा त्यांचा अंदाज पाच मिनिटांनी चुकला होता. काकांचा अंदाज दोन मिनिटांनी.